वरून भरपूर सांबार

१ डिसेंबर १९८३, गुरुवार. सकाळी ६.४०
नवी वही. पहिल्या पानावर नाव घातलं: म. स. परचुरे, हेडक्लार्क, बांधकाम कार्यालय, नागपूर (तात्पुरते). ‘तात्पुरते’ला लाल शाईने अधोरेषा.

पुण्याहून बदली होऊन आज अकरा महिने झाले. संकल्प तीन. एक: रोज पहाटे पाचला उठणे. आज सव्वासहा झाले, पण आजचा दिवस धरायचा नाही, कारण संकल्प उठल्यावर केला. दोन: दिवसाला एकच चहा. तीन, आणि हाच मुख्य: इथली बोली तोंडाला चिकटू न देणे. आमच्या ऑफिसात माणसं ‘मले’ म्हणतात, ‘तुले’ म्हणतात, ‘का?’ असा साधा शब्द असताना ‘काहून’ म्हणतात. जेवतो म्हणत नाहीत, ‘जेवून राहिलो’ म्हणतात. अकरा महिन्यांत माझ्या मराठीला एक डाग पडलेला नाही. हिच्या मराठीला पडला आहे. काल शेजारच्या कौसल्याबाईंशी बोलताना ‘होय ना वं’ म्हणाली. मी कानांनी ऐकलं.

बदलीचे अर्ज आजवर तीन. पहिल्याला उत्तर आलं, दुसऱ्याला नुसती पोच, तिसऱ्याला पोचही नाही.

दुसरा चहा घेतला. थंडी आहे.

२ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी ७. मोठी बातमी, कालची. हिवाळी अधिवेशनासाठी पुण्याच्या हेडऑफिसातून देवपुजारी साहेब येणार. पंधरा दिवस मुक्काम. बदल्यांची फाईल त्यांच्याच टेबलावरून हलते. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण मुकुंदराव देवपुजारी हे नाव ऐकूनच कळतं, पेठेतला माणूस. शिवाय मागच्या वर्षी सरकारने त्यांना सहा महिने अमेरिकेला पाठवलं होतं.

माझं ठरलं. शनिवार १७ तारखेला आमच्या क्वार्टरवर पार्टी. साहेब, त्यांची मिसेस, ऑफिसातले वीसेक लोक. पार्टीत साहेबांच्या कानावर विषय घालायचा. नव्या वर्षाचा चहा पुण्यात.

हिला सांगितलं. तारा म्हणाली, आलूबोंडे करू आणि पुडाची वडी, कौसल्याबाईंनी शिकवली आहे, थंडीत छान होते. मी म्हटलं, अमेरिका पाहून आलेल्या माणसापुढे आलूबोंडा ठेवायचा? ती म्हणाली, अमेरिकेत मिळत नसेल म्हणूनच ठेवायचा. तिला मुद्दा कळत नाही.

मग म्हणाली, अर्ज करायच्या आधी मला विचारलं होतंत का. विषयांतर.

४ डिसेंबर, रविवार. सकाळी १०
दैव अनुकूल आहे. शेजारच्या क्वार्टरमधले नत्थूजी मेश्राम आमच्याच ऑफिसात सीनियर क्लार्क. मुलगी प्रेमिला चार वर्षांपासून टेक्सासला नर्स. तिचं पत्र आलं की नत्थूजी व्हरांड्यात खुर्ची टाकून मोठ्याने वाचतात. एरवी मी त्या वेळी खिडकी लावून घेतो. आज उघडी होती.

प्रेमिलाने तिथल्या हॉस्पिटलच्या पार्टीत मेक्सिकन पदार्थ खाल्ला. सात थरांचा. काचेच्या भांड्यात एकावर एक सात थर लावायचे, बाहेरून सगळे रंग दिसतात, आणि चिप्स बुडवून खायचे. म्हणून त्याला डिप म्हणतात. शिजवायचं जवळजवळ काही नाही. टेक्सासमध्ये म्हणे सध्या सगळे हेच करतात. पत्रात कृतीही दिली होती.

मी बनियनवरच व्हरांड्यात गेलो. नत्थूजी म्हणाले, घ्या ना भाऊ उतरून, आमी तं काही करून नाही पाहलं. त्यांच्या कौसल्याबाई म्हणाल्या, अवघड काहीच नाही लिहिलं तिनं, पण आपल्याइकडे कोण खाईन. मी मनात म्हटलं, तुमच्याइकडे नव्हे, माझ्याकडे. उतरवून घेतलं.

पत्रातली शब्दशः नक्कल, पुढे भानगड नको म्हणून:
‘दोन कॅन बीन्स, म्हणजे राजमा, मॅश करून. त्यावर अवाकाडो, हे लोण्यासारखं हिरवं फळ, तिकडे नाही मिळणार. त्यावर सावर क्रीम. त्यावर टमाटर-कांदा. त्यावर किसलेलं चीज. त्यावर काळ्या ऑलिव्हच्या चकत्या. सगळ्यात वरून भरपूर सांबार.’

शेवटच्या ओळीला थबकलो. मेक्सिकोत सांबार? नत्थूजींना विचारलं, नक्की सांबार? ते म्हणाले, मंग काय. सांबाराबिगर मजा नाही ना भाऊ. भरपूर टाका, कंजुसी नका करू.

विचार केल्यावर पटलं. मेक्सिको उष्ण प्रदेश, मद्रासही उष्ण प्रदेश. उष्ण प्रदेशात आंबट लागतंच.

कागद डायरीत ठेवला आहे. हिने मागितला, दिला नाही. गोपनीय.

५ डिसेंबर, सोमवार
उठायला साडेसहा. सोमवार धरायचा नाही.

आकडेमोड. ‘दोन कॅन बीन्स’. घरात दुधाची कॅन एकच, ॲल्युमिनियमची, दोन लिटरची, हिच्या माहेरची. ती दोनदा भरून राजमा, म्हणजे चार लिटर. जास्त वाटलं, पण टेक्सासच्या लोकांचा आहार मोठा. आणि पाव्हणे वीस.

ऑलिव्ह म्हणजे काळं, छोटं, गोल. काळ्या मनुका चालतील. एक थर पाच मिनिटांत सुटला. अशी नजर लागते कामाला.

७ डिसेंबर, बुधवार
अर्धी रजा टाकून इतवारीच्या बाजारात. हातगाड्या, टेम्पो, मधूनच एखादी गाय. दुकानदाराला दुधाची कॅन काढून दाखवली आणि म्हटलं, ही दोनदा भरून राजमा द्या. तो म्हणाला, किलोत सांगा. मी म्हटलं, कृतीत कॅन आहे. तो हिंदीत म्हणाला, साब, लंगर है क्या. मी कॅन पुढे केली. त्याने मापलं, सव्वातीन किलो भरलं. पोरगी आहे का लग्नाची, असं शेजारच्या हमालाने विचारलं. इथे प्रत्येकाला प्रत्येकाची चौकशी.

घरी आलो तर ही पिशवी घेऊन निघाली होती. कुठे, तर कांताबाईच्या भाजीच्या गाडीवर, सांबार आणायला, कौसल्याबाईंकडे वड्या करायच्या आहेत म्हणून. कापडी पिशवीतून सांबार कसं आणणार, हे मी विचारलं नाही. वडीबरोबर सांबार खाणाऱ्या लोकांना काय विचारणार. बायकांच्या कामात मी पडत नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार
अडचण. राजमा शिजल्यावर फुगतो, हे हिने सांगितलं. किती, तर अडीचपट. म्हणजे आठ किलो. आठ किलो राजमा आणि वर सहा थर मावेल असं काचेचं भांडं नागपुरात नाही. बर्डीवर चार दुकानं पाहिली. लोणच्याच्या बरणीपुढे कोणी जात नाही.

तारा म्हणाली, अर्धाच राजमा भिजवा. मी म्हटलं, कृतीत काटछाट करायची म्हणजे इमारतीच्या पायात काटछाट. बांधकाम खात्यातला माणूस हे करत नाही. ती म्हणाली, खात्यातली माणसं तेच तर करतात असं पेपरात येतं. तिचे विनोद हल्ली नागपुरी होत चालले आहेत.

१० डिसेंबर, शनिवार
सुटलं. वरच्या मजल्यावरचे श्रीधरराव मासे पाळत. ऑक्टोबरात मासे गेले. काचेची पेटी रिकामी पडली आहे. दोन फूट लांब, फूटभर उंच, चारी बाजूंनी काच. थर दिसायला याहून चांगलं काय असणार.

श्रीधररावांनी कशाला हवी विचारलं. मी म्हटलं, साहेबांसाठी. ते म्हणाले, कोणते मासे सोडणार. मी फक्त हसलो.

चिंच, राख, गरम पाणी, पुन्हा राख. तीनदा घासली. एका कोपऱ्यातलं हिरवट जात नाही. ती बाजू भिंतीकडे करायची.

११ डिसेंबर, रविवार
सावर क्रीम म्हणजे आंबट साय. गुरुवारपासून साय वाटीत घालून खिडकीत उन्हात ठेवली होती. आज सकाळी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. शेजारून कौसल्याबाईंनी हिला हाक मारून विचारलं, काही मेलं का वं तुमच्या घरी.

हिने सांगितलं, चक्का बांधा, घट्ट आणि आंबट दोन्ही. मी स्पष्ट नाही म्हटलं. चक्का श्रीखंडाचा. प्रत्येक देशाची एक इभ्रत असते.

१२ डिसेंबर, सोमवार
सकाळी दाढी करताना कल्पना सुचली: सायीऐवजी चक्का. घट्ट आणि आंबट दोन्ही. कल्पना अशाच येतात, एकदम. हिला सांगितली तेव्हा तिने कपाटातून चक्क्याचं फडकं काढून दिलं.

आता अवाकाडो. ऑफिसातल्या डिक्शनरीत ‘नासपतीच्या आकाराचे हिरवे फळ’ असं सापडलं. नासपतीचा आकार, बाहेरून हिरवं, आतून मऊ. याला आपल्याकडे एकच उत्तर आहे: दुधी. तारा म्हणाली, मटारचे दिवस आहेत, मटार वाटून लिंबू पिळा, रंगही येईल आणि पाणी सुटणार नाही. मटार गोल असतो. नासपती गोल नसते. वाद घातला नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार
साहेब नागपुरात पोचले. बैठकीत लांबून दर्शन. गोरे, चष्मा, बोलणं कमी. बोलले ते इंग्रजीत, आणि जे थोडं मराठीत बोलले ते स्वच्छ, आरशासारखं. मला भरून आलं. अकरा महिन्यांनी कोणी माझ्या भाषेत बोललं.

संध्याकाळी धीर करून निमंत्रण दिलं. येईन म्हणाले. मिसेसनाही आणेन म्हणाले.

आणायचे राहिले फक्त चिप्स. आमचे शिपाई लहानूजी मार्केटात ओळख ठेवून आहेत. त्यांना माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठी दिली: ‘चिप्स, उत्तम प्रतीचे, पातळ, एका रंगाचे, साहेबांच्या भेटीपूर्वी.’ लहानूजी म्हणाले, एवढंच ना, उद्या आणून टाकतो.

१४ डिसेंबर, बुधवार. दुपारी ४
क्वार्टरच्या दारात पोतं. आत संगमरवराचे चिप्स. मोझॅकच्या फरशीत घालतात ते. पांढरे, एका रंगाचे, पातळ.

लहानूजींना बोलावलं. त्यांचा काही दोष त्यांना दिसत नव्हता. म्हणाले, साहेब, वीस वर्षं झाली या हाफिसात. हाफिसची चिठ्ठी, त्यात चिप्स, तं कोनते समजाव मी. साहेब येऊन राहिले म्हून फरशी करून राहिले असान म्हटलं. हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आलूचे चिप्स तळायचं काम हिने घेतलं. पोत्याकडे पाहून आत गेली आणि आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता.

१५ डिसेंबर, गुरुवार
पुण्याहून पत्र. अकरा महिन्यांतलं पहिलं. आमच्या कॅरम क्लबचा गिरिधर. मी त्याला नऊ पत्रं लिहिली होती, दोन तर चार-चार पानी, नागपूर कसं असह्य आहे याबद्दल. त्याचं पोस्टकार्ड: ‘पत्रं मिळाली. जानेवारीत चिन्याची मुंज आहे. कोणी येणार असेल तर त्याच्याबरोबर संत्री पाठव, दोन पेट्या, लहान नको. तुझ्या जागी जोशांचा मेहुणा खेळतो, हात चांगला आहे.’

माणूस कामात असतो. मनातलं सगळं कार्डावर मावत नाही.

कार्ड तीनदा वाचलं. ‘कधी येतोस’ हे शब्द दिसले नाहीत, पण ते गृहीत धरलेले असतात.

१६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी ६. राजमा भिजवला. सगळा.

दुपारी १. पातेल्यातून बाहेर आला. बादलीत घातला.

सायंकाळी ५. बादलीतून बाहेर आला. आंघोळीच्या घंगाळात घातला. नत्थूजी डोकावून म्हणाले, भाऊ, बम राजमा झाला. मी म्हटलं, व्हायचाच. ते म्हणाले, आमचा कुकर घेऊन जा. इतर दोन बिऱ्हाडांचेही कुकर आले. कॉलनीत आज चारी बाजूंनी माझा राजमा शिट्ट्या देतो आहे. एका अर्थी वातावरण तयार होतं आहे.

१७ डिसेंबर, शनिवार
सकाळी ५.५५. पाचला उठलो, जवळजवळ.

११.००. राजमा मॅश केला. हात भरून आले. पेटीत सात इंच थर बसला. फूटभर पेटीत उरले पाच इंच, आणि थर सहा. तीन पातेली राजमा अजून बाहेर आहे. कौसल्याबाईंनी विचारलं, हा आम्ही घेऊन जाऊ काय. मी म्हटलं, खुशाल न्या.

१.३०. दुधी उकडून, वाटून, लिंबू पिळून वर पसरला. रंग हिरवा अपेक्षित होता. करडा आला. पाणी थोडं सुटलं आहे. जिरेल.

२.४५. चक्का. टमाटर-कांदा. चीज. मनुका. समोरून पाहिलं तर सहाही रंग स्पष्ट. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं असावं, पण मला वाटतं, तेवढंच नव्हतं. कोणाला दाखवावं म्हणून हिला हाक मारली. ती वड्या तळत होती. वड्या नको सांगूनही. म्हणाली, असू द्या, बाजूला ठेवते.

४.००. सांबार शेवटी, ताजं घालायचं. दुधाची कॅन घेऊन सायकलने बर्डीवरच्या मद्रासी हॉटेलात. कॅन भरून घेतली. ‘भरपूर’ म्हणजे किती हे प्रेमिलाने लिहिलेलं नाही, पण बाकी सगळं कॅनवर आहे, तेव्हा सांबारही कॅनवरच.

५.४०. कॅन घेऊन येताना हिने पाहिलं. विचारलं, सांबार कशाला, इडल्या आहेत का. म्हटलं, तुला मेक्सिको कळायचा नाही. तिने कागद पुन्हा मागितला. म्हटलं, साहेब गेल्यावर.

६.१०. ओतलं. पूर्ण कॅन.

१८ डिसेंबर, रविवार. सकाळी १०
काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते कळेल.

साडेसहाला पाव्हणे यायला लागले. पेटी मधल्या टेबलावर, वर हिच्या माहेरचा टेबलक्लॉथ झाकलेला. सात वाजता साहेब आणि मिसेस. मी दोन शब्द बोललो. ते लिहून पाठ केलेले होते. म्हटलं, साहेबांच्या रूपाने अकरा महिन्यांनी कानांवर शुद्ध मराठी पडली. इथे लोक ‘मले’ म्हणतात, ‘तुले’ म्हणतात, आणि कारण विचारायचं तर ‘काहून’ म्हणतात. आपल्यासारख्या पुण्याच्या माणसाला हे किती जड जातं, ते साहेब जाणतीलच. आणि म्हणून एका मेक्सिकन पदार्थाने स्वागत.

कापड उचललं.

पाऊण तासात सांबार चीजमधून, टमाटरातून, चक्क्यातून खाली उतरलं होतं. दुधीचं पाणी वर आलं होतं. थर एकही राहिला नव्हता. पेटीत काठोकाठ एकच रंग, आणि त्या रंगावर शेवग्याच्या शेंगेचा एक लांब तुकडा सावकाश फिरत होता.

साहेब वाकले. चष्मा पुसला. काचेवर बोटाने टकटक केली, माशाला करतात तशी. श्रीधरराव मागून हळूच म्हणाले, अहो, माझी पेटी.

साहेबांनी विचारलं, हा पदार्थ मी ह्यूस्टनला खाल्ला आहे, पण यात हे काय ओतलं. मी म्हटलं, सांबार, साहेब. कृतीतच आहे, वरून भरपूर. कागद काढून दाखवला. साहेबांनी वाचला. मिसेसना दिला. त्यांनी वाचला आणि तोंडाला पदर लावला. कागद नत्थूजींकडे गेला, कौसल्याबाईंकडे गेला, शेवटी ताराकडे. तारा वाचता वाचता खाली फरशीवर बसली. तिला इतकं हसताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

नत्थूजी म्हणाले, भाऊ, सांबार म्हणजे कोथिंबीर ना हो. तुमच्या पुण्याची कोथिंबीर, तेच आमचं सांबार.

मी म्हटलं, मग हे कोणी मला सांगितलं नाही. आणि तेव्हा देवपुजारी साहेब माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, काहून गा परचुरे, तुम्ही कोणाले विचारलं होतं काय?

साहेब म्हणाले, मी नागपूरच्याच महालातला. बाप इथलाच, आजा इथलाच. पुण्याले नोकरीसाठी गेलो, तिथं शुद्ध बोलावं लागते. तुम्हाले कोणी सांगतलं मी पुण्याचा म्हणून? मी टेबलक्लॉथची घडी घातली.

पुढचं थोडक्यात. पेटीला कोणी हात लावला नाही. कौसल्याबाईंनी उरलेल्या राजम्याची झणझणीत उसळ करून ठेवली होती, वरून कोथिंबीर. भरपूर. हिच्या पुडाच्या वड्या, त्यांच्यातही आत तेच सांबार, गच्च भरलेलं. आणि आलूचे चिप्स. साहेबांनी वड्या सात खाल्ल्या. मिसेस ताराला म्हणाल्या, माझी आई अशीच करायची. साहेब, नत्थूजी, लहानूजी, सगळे एका सतरंजीवर बसून जेवले आणि काय हसत होते. टेक्सासच्या प्रेमिलाला उद्या पत्र टाकू म्हणाले. मी पेटीजवळ उभा होतो.

निघताना साहेब पाच मिनिटं ताराशी बोलले. मी पेटी उचलत होतो, ऐकू आलं नाही.

तसं पाहिलं तर जेवण माझ्याच राजम्यामुळे झालं. अर्धाच भिजवला असता तर काय वाढलं असतं, हा विचार कोणी केलेला दिसत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार
ऑफिसात सगळे प्रेमाने वागतात. हे जास्त त्रासाचं आहे. अकाउंट्सच्या माणसाने विचारलं, डब्यात काय आणलं, सांबार की सांबार. लहानूजींनी न सांगता चहा आणून दिला. तिसरा.

पेटी अजून वास मारून राहिली आहे.
(वरच्या ओळीत ‘मारते आहे’ वाचावे. घाईत लिहिलं.)

२२ डिसेंबर, गुरुवार
उठायला सात. परिस्थितीचा मी शांतपणे विचार केला. साहेब नागपूरचे निघाले, हे एका दृष्टीने चांगलं. ज्याला नागपूर ठाऊक आहे, त्याला इथून जाण्याची निकड लवकर कळेल. शिवाय माझा उत्साह त्यांनी पाहिला. अमेरिकेत उत्साहाला मान असतो.

पुण्याला गिरिधरला लिहिलं, जागा धरून ठेव. संत्र्यांच्या दोन पेट्यांची चौकशी केली. लहान नको.

२६ डिसेंबर, सोमवार. सायंकाळी ६
ऑर्डर आली. पुण्याची नाही. ‘श्री. म. स. परचुरे यांना नागपूर येथेच तीन वर्षे मुदतवाढ देण्यात येत आहे.’ टाईप केलेल्या मजकुराखाली साहेबांनी स्वतःच्या पेनने लिहिलं आहे: सांबार समजेपर्यंत.

घरी येऊन हिच्यापुढे कागद ठेवला. ती दचकली नाही. मग कळलं. त्या दिवशी निघताना साहेबांनी तिला विचारलं होतं, वहिनी, तुम्हाला पुण्याला जायचं आहे का. ती नाही म्हणाली. म्हणाली, इथे दारावरून जाणारी प्रत्येक बाई मला नावाने हाक मारते, पुण्यात बारा वर्षांत समोरच्या बिऱ्हाडाने कधी मारली नाही.

मी विचारलं, हे मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत?

नऊ पत्रं लिहिली गिरिधरला. चार-चार पानी. याच टेबलावर बसून, आणि ही त्या वेळी चार हातांच्या अंतरावर भाजी निवडत असायची. नऊ पत्रांत तिचं नाव एकदाही नाही. आठवून पाहिलं.

२९ डिसेंबर, गुरुवार
संध्याकाळी हिने पहिल्यांदाच मला भाजी आणायला पाठवलं. कौसल्याबाई वड्यांना येणार आहेत. कांताबाईच्या गाडीवर गर्दी होती. नंबर आला. काय पायजे भाऊ, असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, मले दोन जुड्या सांबार. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. कांताबाईने वरसुद्धा पाहिलं नाही. दोन जुड्या पिशवीत टाकल्या. कापडी पिशवीत अगदी व्यवस्थित मावल्या.

परत आल्यावर चौथ्या अर्जाचा मसुदा घेऊन बसलो. ‘महोदय’ लिहिलं. पुढचं वाक्य जमेना. तेवढ्यात हिने जुड्या माझ्यापुढे आणून टाकल्या आणि आत गेली. थोड्या वेळाने आतूनच विचारलं, काय करून राहिले?

म्हटलं, काही नाही. सांबार निवडून राहिलो.